आत्याचं पहिलं नको

एल्डर्टन, ओहायो
२४ सप्टेंबर

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

नाशिकच्या शाळेत सातवीपर्यंत पत्राचे मार्क मिळवायला एवढं पुरायचं. पुढचं आठवत नाही, म्हणून सरळ बोलायला लागतो.

माझा फोन लागत नाही म्हणून काळजी करत असशील तर करू नकोस. फोन ओहायो नदीत आहे, मी बाहेर आहे. पुलावरून एका बार्जचा, म्हणजे लांबलचक मालवाहू होडीचा, फोटो काढत होतो. बार्जवर एक माणूस दोरीवर कपडे वाळत घालत होता, इतका मन लावून की मला राहवलं नाही, त्याला हात केला. तो नेमका फोनचा हात होता. तसाही आपल्या दोघांना फोनचा काय उपयोग? मी बोलतो, तू 'हो हो, बरं बरं' म्हणतेस, आणि मला कळतं की तुला काहीही ऐकू आलेलं नाही. म्हणून हे मेलवर पत्र. इथल्या कॉलेजच्या लायब्ररीत गावातल्या कुणालाही कॉम्प्युटर वापरू देतात. मराठी अक्षरं उमटायला लागली की शेजारची पोरं माना वळवून बघतात.

कुठलं कॉलेज, विचार. एल्डर्टन. तुझं.

मी मुद्दाम आलेलो नाही. मे महिन्यापासून मी एका मांडवाच्या कंपनीत आहे. हे लोक टेन्ट म्हणतात, पण काम तेच: खांब, ताडपत्री, खुर्च्या. घोड्यांचं प्रदर्शन झालं, दोन लग्नं झाली, एक भोपळ्यांची जत्रा झाली (एका भोपळ्यात मी मांडी घालून बसू शकलो असतो, मालक बसू देईना). बाबांना सांगू नकोस, ते म्हणतील अमेरिकेत आणून पोरगा मांडववाला झाला. तर पुढचं काम एल्डर्टनला असं कळलं आणि डोक्यात काहीतरी वाजलं. तुझ्या ओट्यावर कान तुटलेला निळा मग आहे ना, पेनं ठेवायचा, त्यावर हेच नाव आहे.

इथे ऑक्टोबरच्या सहा तारखेपासून 'ओपन वीक' असतो. आठवडाभर कॉलेज गावासाठी उघडं. सकाळी पॅनकेक, संध्याकाळी व्याख्यानं, मध्येच सायकल दुरुस्ती, शनिवारी दुर्बिणीतून तारे. सगळं डेब क्रॅमर नावाच्या बाई बघतात. कुठे किती खुर्च्या ते विचारायला त्यांच्या ऑफिसात गेलो, तर भिंतीवर आठवड्याचा तक्ता. गुरुवार, संध्याकाळी सात: 'आपलं तळं, आपली झाडं', गिरिजा सबनीस. आणि नावावर लाल रेघ.

आत्या, तू येणार होतीस? मग नाही का म्हणालीस?

तुझा,
शार्दूल


हर्नडन
२६ सप्टेंबर

चि. शार्दूल,

अनेक आशीर्वाद. फोन नदीत आणि तू बाहेर, हा क्रम बरोबर आहे. पुढेही असाच ठेव.

राजीवला मी काही सांगणार नाही. पण त्याला आठवड्यातून एकदा मेल टाकत जा. त्याचा प्रत्येक मेल माझ्याकडे तुझी चौकशी म्हणून येतो.

तू विचारलंस म्हणून सांगते, एरवी सांगण्यासारखं काही नाही. ऑगस्टमध्ये तुझ्या त्या क्रॅमरबाईंचं पत्र आलं. ज्ञानदा म्हणून एक मुलगी तिथे बायॉलॉजी शिकवते. तिला शीतगृह साफ करताना माझ्या गाळाच्या कांड्या सापडल्या, त्यावर माझं नाव होतं. तेव्हा आपण येऊन गावाला चार गोष्टी सांगाल का, असं विचारलं होतं.

तुला कुणी हे कधी सांगितलं नसेल. एम.एस.ला असताना मी दोन हिवाळे त्या तळ्यावर काढले. गोठलेल्या तळ्याला भोक पाडायचं, लांब नळी तळाच्या गाळात घुसवायची आणि कांडीसारखा अख्खा गाळ वर काढायचा. झाडांचे परागकण दरवर्षी तळ्यात पडतात, गाळात दबतात आणि हजारो वर्षं टिकतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखता आले की कुठल्या काळात इथे कोणतं झाड होतं ते कळतं. पुढे पीएच.डी. करायची होती. पण तुझ्या आजोबांना अर्धांगवायू झाला, मी नाशिकला गेले, परत आले ती नोकरीवर. तीस वर्षं इथल्या काउंटीच्या आरोग्यखात्यासाठी हवेतले परागकण मोजले, लोकांना सकाळी शिंका येणार का ते सांगायला. तळ्याबद्दल मला कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

तर मी त्यांना रीतीप्रमाणे लिहिलं, 'मी काही मोठी वक्ता नाही. माझ्याहून योग्य माणसं आपल्याला मिळतील. माझ्यासाठी उगाच तसदी घेऊ नये.' यावर कुणीही काय लिहील? 'असं कसं, तुम्हीच हव्यात.' त्यांनी लिहिलं, 'कळवल्याबद्दल आभार, आम्हाला तुमची उणीव भासेल', आणि पुढे एक हसरा चेहरा. दुपारच्या आत.

मला काही वाटलं नाही. स्लाइड्स तयार होत्या, त्या काय, राहतील.

तू कुणाकडे काही बोलायला जाऊ नकोस. तळ्याच्या उत्तरेला पांढऱ्या बुंध्याचं एक सायकमोर होतं. त्याच्या ढोलीत आम्ही सामान ठेवायचो. आहे का, एवढं बघ.

तुझी,
आत्या

ता. क. मोजे कोरडे ठेव.


एल्डर्टन
२८ सप्टेंबर

प्रिय आत्या,

मी बोलायला गेलो.

रागावण्याआधी पूर्ण वाच. मी डेबकडे खुर्च्यांसाठीच गेलो होतो. ती गाजरं खात होती. तिच्या टेबलावर कायम गाजरांचा डबा असतो, सिगरेट सोडल्यापासून. ज्ञानदाही तिथेच होती. ती नागपूरची आहे, आणि नागपूरचे लोक बोलायला लागले की मला ऐकत बसावंसं वाटतं. तिच्याकडे तुझ्या कांड्यांचे फोटो आहेत. इतक्या वर्षांनी त्यातला पट्टा न् पट्टा दिसतो म्हणते. कुठे होतो मी? हां, गाजरं.

मी म्हटलं, "ती माझी आत्या आहे, आणि ती नाही म्हणालेली नाही."

डेब म्हणाली, "माझ्याकडे मेल आहे, शार्दूल. ती नाही म्हणाली. मी तिच्या नाहीचा मान ठेवला. पुन्हा विचारणं म्हणजे दबाव टाकणं झालं असतं."

आत्या, ती चुकीचं बोलत नव्हती, हे मला तेव्हाच कळलं. तिला खरंच वाटलं की ती तुझ्याशी चांगलं वागतेय.

ज्ञानदाने कपाळाला हात लावला. तुझं उत्तर आलं तेव्हा ती मिनेसोटाला मैत्रिणीच्या लग्नात होती, तिने ते पाहिलंच नव्हतं. म्हणाली, "डेब, तू माझ्याकडे जेवायला आलीस, एक पोळी खाल्लीस, नको म्हणालीस, आणि मी थांबले. आठवतं? माझी आई व्हिडिओ कॉलवर होती. पाहुणीला उपाशी उठवलं म्हणून ती नंतर दोन दिवस मला बोलत होती."

"पण माझं पोट भरलं होतं," डेब म्हणाली.

"त्याचा इथे काही संबंध नाही," ज्ञानदा म्हणाली.

मग आम्ही तिला करून दाखवलं. ज्ञानदा पाहुणी झाली, ताटावर हात आडवा धरून बसली. डेबच्या हातात गाजरांचा डबा दिला. डेबने विचारलं, "गाजर?" ज्ञानदा म्हणाली, "नको नको." डेबने सवयीने डबा बंद केला. आम्ही म्हटलं, उघड. "गाजर?" "अगं खरंच नको." डेब घामाघूम. "गाजर?" "बरं, अर्धं." डेबने अर्धं मोडायला घेतलं, तर ज्ञानदा म्हणाली, "अर्धं म्हणजे दोन."

डेबने चिकटचिठ्ठीवर लिहून घेतलं: गिरिजा, तीन वेळा. आणि आमच्यासमोर तुला दुसरा मेल टाकला.

आता तू 'इतका आग्रह करता तर' म्हणायचंस. गुरुवारची ती वेळ अजून रिकामी आहे.

शार्दूल


हर्नडन
३० सप्टेंबर

चि. शार्दूल,

क्रॅमरबाईंना मी आज पुन्हा नाही कळवलं आहे.

मी तुला स्पष्ट लिहिलं होतं, कुणाकडे जाऊ नकोस. तू गेलास, आणि परक्या ऑफिसात माझ्या स्वभावाची गंमत करून दाखवलीस. गाजरांनिशी. तुला वाटलं, आत्या म्हातारी झाली, तिला काय हवं ते तिला सांगता येत नाही, आपण सांगू. माझं पहिलं नको रीतीचं होतं, कबूल. हे नको खरं आहे. दोन्हींतला फरक मला कळतो. तुला कळत नाही.

हा विषय बंद.

जेवतोस का वेळेवर?

आत्या

सायकमोरचं काही सांगितलं नाहीस.


एल्डर्टन
३ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

दोन दिवस लिहिलं नाही कारण मला वाईट वाटत होतं. वाईट वाटलं की मी कुठेतरी निघून जातो, तुला माहीत आहे. पुन्हा भोपळ्यांकडे जाऊन आलो. तो मोठा भोपळा फुटला म्हणे, आपल्या आपण, पावसाचं पाणी पिऊन. मालक त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसला होता. मीही थोडा वेळ बसलो.

चूक झाली. गाजरांची तर झालीच.

आज सकाळी तुझ्या तळ्यावर गेलो. सायकमोर आहे. एका फांदीला लोखंडी दोरीचा आधार दिलाय, पण आहे. बुंधा इतका पांढरा की मला आधी वाटलं कुणी चुना लावलाय. ढोलीत सोड्याचे दोन कॅन आणि एक मफलर होता. कॅन मी काढले, मफलर ठेवला, कुणीतरी शोधत येईल म्हणून. मग तिथेच बसून तुझं पत्र मनात परत वाचलं. हे नको खरं आहे, असं तू लिहिलंस. पण झाडाचं विचारलंस. जिला यायचंच नाही ती झाडाचं कशाला विचारेल, असं वाटलं. मग वाटलं, हिला यायचंय, आणि काहीतरी आड येतंय.

मला मागची दिवाळी आठवली. तुझ्याकडे सगळे जमले होते. सुलेखाकाकूंनी तुला काहीतरी विचारलं आणि तू भलतंच उत्तर दिलंस. सगळे हसले. तूही हसलीस. त्यानंतर पाहुणे जाईपर्यंत तू स्वयंपाकघरातून बाहेर आली नाहीस. भांडी घासत होतीस, आणि भांडी आधीच घासून झालेली होती. मी ती पुसत होतो म्हणून मला माहीत.

आत्या, व्याख्यान तू झोपेतही देशील. भीती शेवटच्या वीस मिनिटांची आहे ना? लोक उठून प्रश्न विचारतात त्याची?

चुकलो असेन तर हे पत्र फाड. म्हणजे डिलीट कर.

बरोबर असेन तर, आग्रह करत नाही, नुसतं सांगून ठेवतो. बुधवारचे वक्ते प्रश्न कार्डावर लिहून घेणार आहेत, कारण त्यांना तोंडी प्रश्नांत लोक भाषणं करतात ते आवडत नाही. तेच गुरुवारी चालेल. कार्डं गोळा करायला मी आहे, ते मांडववाल्याचंच काम. गिचमिड अक्षर असेल ते मी मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून तुझ्यासमोर धरीन. मी पहिल्या रांगेत असेन. तू फक्त माझ्याकडे बघायचंस.

डेबला मी काही बोललेलो नाही. तुझ्या कानाचं तर कुणालाच नाही.

शार्दूल

जेवतोय.


हर्नडन
५ ऑक्टोबर

चि. शार्दूल,

पत्र फाडलं नाही.

डावा कान गेल्यातच जमा आहे. उजव्याला यंत्र लावते. शांत खोलीत एक माणूस समोर बसून बोलला तर बरं ऐकू येतं. चार माणसं बोलली की नुसता भांड्यांचा आवाज. नोकरी सोडली तेव्हा गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे उत्तम आहेत. मीटिंगमध्ये कोण काय म्हणालं ते कळेना, आणि सारखं 'काय, काय' विचारायची लाज वाटायची. राजीवला हे माहीत नाही. आता तुला माहीत आहे. भांडी पुसणाऱ्यांवर लक्ष ठेवायला हवं होतं.

मागच्या दिवाळीनंतर मी घरी कुणाला बोलावलेलं नाही. सुलेखाला वाटतं मी रुसले आहे.

तू लिहिलेलं मी दोन दिवस मनात घोळवलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी तळ्याबद्दल विचारलं आणि मी ते कानापायी घालवणार होते. पुढच्या वर्षी हा उजवाही किती साथ देईल, डॉक्टर सांगत नाहीत.

काल क्रॅमरबाईंचा मेल आला. त्यात एकच ओळ होती: 'गिरिजा, ही तिसरी वेळ. डेब.' तिसऱ्यांदा विचारल्यावर नाही म्हणणं उद्धटपणा आहे. मी हो कळवलं.

अटी ऐक. कार्डं मोठ्या अक्षरांत. शाई काळी. तू माझ्या समोर, कडेला नाही. मध्येच खिडकीबाहेर काही दिसलं म्हणून उठून जायचं नाही. हे तुला जमेल का, याचीच मला जास्त काळजी आहे.

बुधवारी सकाळी निघते. सात तासांचा रस्ता आहे. तू म्हणशील एवढं ड्राइव्ह कशाला, विमानाने ये. गाडी कानाने चालवत नाहीत.

आत्या

ता. क. त्या ज्ञानदाला सांग, कांड्या उभ्या ठेवू नकोस म्हणावं, आडव्या ठेव. तिच्या फोटोत उभ्या असतील तर मी आल्यावर बोलेन. आणि तुझ्या पत्रात तिचं बोलणं जरा जास्तच नीट लक्षात राहिलेलं दिसतं.


एल्डर्टन
११ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तू काल सकाळी निघालीस तेव्हा गाडीची काच खाली करून म्हणालीस, "ठीक झालं. लोकांना आवडलं असावं." मी 'हो' म्हटलं, आणि गाडी वळून गेल्यावर लक्षात आलं की तुला खरंच माहीत नाही.

गुरुवारी माइक लावल्या लावल्या तुझ्या कानातलं यंत्र शिट्टी वाजवायला लागलं आणि तू ते काढून पर्समध्ये टाकलंस. म्हणजे पुढचं सगळं तू काही न ऐकता बोललीस. मी समोर होतो, एकदाही उठलो नाही (खिडकीबाहेर एक माणूस लामा घेऊन चालला होता, उंटासारख्या मानेचा, खरंच लामा होता, तरी नाही). मी सगळं ऐकलं. ते तुझं आहे, माझ्याकडे राहून उपयोग नाही. म्हणून लिहितो.

तू 'गुड इव्हनिंग' म्हणालीस आणि लगेच पुढच्या वाक्यावर गेलीस. मागून सगळ्यांनी एका सुरात 'गुड इव्हनिंग' म्हटलं, शाळेत म्हणतात तसं. तू तेव्हा बर्फापर्यंत पोचली होतीस.

तुझा आवाज पहिल्यांदा फार मोठा होता. मी हात खाली केला, तू आवाज खाली आणलास. त्यानंतर तो छान होता. मला माहीत नव्हतं तुझा आवाज असा आहे. घरी तू इतकं सलग कधी बोलतच नाहीस.

तळातला सगळ्यात जुना पट्टा दाखवलास, हिमयुगाचा बर्फ वितळल्यावरचा, नुसत्या स्प्रूसच्या, थंडीतल्या त्या सूचिपर्णी झाडाच्या, परागकणांचा, आणि म्हणालीस, "हे झाड इथे होतं तेव्हा ते बघायला इथे कुणीच नव्हतं." त्यानंतर तू पाणी प्यायलीस. तेवढ्या वेळात हॉलमध्ये फक्त हीटरच्या नळाची टकटक ऐकू येत होती. कुणी खोकलंसुद्धा नाही. मी आयुष्यभर खुर्च्यांवर बसलेल्या माणसांचे आवाज ऐकतोय, म्हणजे मे महिन्यापासून. इतकी माणसं अशी गप्प बसत नाहीत.

मग ओकच्या जंगलाचा पट्टा आला. तिसऱ्या रांगेत टोपीवाले आजोबा होते ना, डेअरीवाले, ते बायकोच्या कानात म्हणाले, "हे जंगल माझ्या पणजोबांनी तोडलं." बायको म्हणाली, "माहितीये, हॅरल्ड, आता तिला बोलू दे."

रॅगवीडची स्लाइड आली, जंगल तोडल्यावर वाढलेल्या, शिंका आणणाऱ्या त्या तणाची. तेव्हा सगळे हसले आणि तू थांबलीस. तुझा चेहरा मी पाहिला. तुला वाटलं तुझं काहीतरी चुकलं, दिवाळीसारखं. तसं नव्हतं. पडद्यावर रॅगवीडचे परागकण आले त्याच क्षणी मागे एक बाई जोरात शिंकली, आणि कुणीतरी म्हणालं, "फोटोला पण?" त्यावर हसले. तुला नाही, आत्या. मी मान हलवून 'चालू ठेव' म्हटलं आणि तू माझ्यावर विश्वास ठेवून बोलत राहिलीस. ते मला काय वाटलं ते मला लिहिता येत नाही, सातवीपर्यंतच्या मराठीत तो शब्द नव्हता.

कार्डांचं तुला माहीत आहे, ती तू पाहिलीस. 'घरची आठवण येते का' या कार्डावर तू 'कुठल्या?' म्हणालीस तेव्हाचं हसू तुला दिसलं, ते सोडून देतो.

आता मुख्य. शेवटी तू 'थँक यू' म्हणालीस आणि लगेच पाठ करून लॅपटॉपची वायर काढायला लागलीस. ती निघेना. तू वळलीस तेव्हा लोक कोट घालत होते, काही टाळ्या वाजवत होते, त्या तू पाहिल्यास. पण तू वायरशी झटत होतीस तेव्हा ते सगळे उभे होते. आधी ते डेअरीवाले आजोबा उभे राहिले, त्यांना काठी लागते तरी. मग त्यांची रांग, मग सगळा हॉल. भिंतीला टेकलेली मुलं पाय आपटत होती. खुर्च्या वाजत होत्या, मीच लावलेल्या. टाळ्या थांबेनात, कारण तू वळशील म्हणून सगळे वाट बघत होते, आणि तू वळेचना. ज्ञानदा रडत होती. मी तुला हात लावून वळवायला हवं होतं. मी तिथे उभा राहून टाळ्याच वाजवत राहिलो.

एक कार्ड मी तुला दिलं नाही. त्यावर प्रश्न तळ्याचा नव्हता आणि तू दमली होतीस. ते डेबचं होतं. 'गिरिजा, पुढच्या वर्षी परत याल का?' आणि खाली लिहिलंय, 'ही पहिली वेळ.'

शार्दूल

मांडव आज उतरवला. पुढचं काम केंटकीत असेल असं म्हणतायत. नवा फोन घेतला, जुन्याहून वाईट.


हर्नडन
१४ ऑक्टोबर

चि. शार्दूल,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी उत्तर लिहायला बसले आणि उठले. काल पुन्हा बसले. मग छापून घेतलं. स्क्रीनवर वर-खाली करताना ते उभं राहण्याचं वाक्य सारखं हातातून निसटत होतं.

मला वाटलं होतं, सौजन्याने चार टाळ्या वाजल्या. परतीच्या रस्त्यावर स्वतःची समजूतही घातली होती की या वयात तेवढं पुष्कळ. शिंकेचं बरं सांगितलंस. ते हसू मी हर्नडनपर्यंत बरोबर घेऊन आले होते.

तू मला वळवलं नाहीस त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. वळले असते तर मला नुसतं दिसलं असतं. तुझ्या पत्रात ऐकू आलं.

डेबला सांग, नको. तिला कळेल.

आता माझं काम. सोमवारी लक्ष्मीपूजन आहे. या वर्षी मी लोकांना बोलावलं आहे. सुलेखाला स्वतः मेल केला आणि कानाचं सरळ लिहून टाकलं. तिचं उत्तर माझ्या पत्राहून लांब आलं. राजीवलाही लिहिलं. तो म्हणतो, मला आधीच संशय होता, फोनवर तू सगळ्यालाच हो म्हणतेस. तो आणि तुझी आई अर्विंगहून येणार आहेत. सगळे एकदम बोलणार, भांड्यांचा आवाज होणार. पण या वेळी मला स्वयंपाकघरात जायचं नाही. समोर बसून काय चाललंय ते सांगणारं माणूस हवं.

तू येतोस का?

आत्या


एल्डर्टन
१५ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

नको गं. तुझ्याकडे आधीच एवढी माणसं, त्यात मी कुठे. आई-बाबा तुझ्याकडे उतरणार म्हणजे मला सोफाही नाही. शिवाय केंटकीला एका घोड्याच्या सत्काराचा मांडव आहे म्हणतायत, घोड्याचा सत्कार मी कधी पाहिलेला नाही. आणि बाबा भेटले की पहिला प्रश्न पुढे काय करणार हाच, आणि दिवाळीच्या दिवशी सगळ्यांचा मूड कशाला घालवायचा. सुलेखाकाकू बसतील तुझ्यासमोर. त्या छान सांगतात. मी नंतर कधीतरी येईन, थंडीत वगैरे. माझी तू अजिबात काळजी करू नकोस, इथे ज्ञानदा शंकरपाळे करणार आहे म्हणाली, म्हणजे दिवाळी झालीच.

डेबला तुझं 'नको' सांगितलं. तिने तारीख घातलेली चिकटचिठ्ठी भिंतीवर लावली: गिरिजा, एक झालं.

शार्दूल


हर्नडन
१६ ऑक्टोबर

चि. शार्दूल,

सुलेखा छान सांगते, पण ती स्वतःचंच जास्त सांगते. राजीवला तुला जे विचारायचं ते कार्डावर लिहून द्यायला सांगितलं आहे. त्यातली कोणती कार्डं तुझ्यासमोर धरायची ते मी ठरवीन, काळ्या शाईत. सोफा रिकामा आहे, ती दोघं वरच्या खोलीत झोपतील. घोड्याचा सत्कार पुढच्या वर्षीही होईल.

ही दुसरी वेळ. येतोस का?

आत्या


१८ ऑक्टोबर

आत्या,

नव्या फोनवरून लिहितोय, बोटं मोठी आहेत, चुका झाल्या तर समजून घे.

तू अजून दोनदाच विचारलं आहेस. रीतीप्रमाणे मी तिसऱ्या वेळेची वाट बघायला हवी. बघतोच आहे, पण बसमध्ये बसून. पिट्सबर्गला बस बदलायची आहे, तिथे नदीवर पूल आहे म्हणतात. फोन खिशात ठेवीन.

रात्रीपर्यंत पोचतो. तेवढ्यात विचारून टाक.

शार्दूल